बावीस पायऱ्या

बोरनाल्याच्या वस्तीत आधी मैदान नव्हतं, खदान होती. कोणे एके काळी रेल्वेच्या कामासाठी तिथून दगड काढून नेले होते आणि मागे पुरुषभर खोल खड्डा राहिला होता. त्यात पावसाचं पाणी साचायचं, डुकरं लोळायची, लोक घरातला केर नेऊन टाकायचे. छप्पन साली वस्तीनं धम्मदीक्षा घेतली, आणि पुढच्याच उन्हाळ्यात तिथल्या तरुण पोरांनी हा खड्डा बुजवायला घेतला. गिरणीचा भोंगा झाला की घरी जाऊन भाकर खायची आणि टोपली उचलायची. दोन उन्हाळे मुरूम वाहिला तेव्हा जमीन सपाट झाली. त्यावर पाणी मारून, चोपून पोरांनी कबड्डीचं मैदान आखलं.

या कामात सगळ्यांत पुढे होता कवडू मेश्राम. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, गिरणीत मागावर काम करायचा. खेळाडू म्हणून तो काही फार मोठा नव्हता, पण त्याला शिकवता येत होतं. कोणत्या पोराच्या पायात जोर आहे, कोणाचा दम लांब टिकतो, कोण चढाईला गेल्यावर घाबरतो, हे त्याला दोन दिवसांत कळायचं. साठ सालापासून मैदानावर दर हिवाळ्यात सामने भरू लागले. कामठीपासून, भंडाऱ्यापासून संघ यायचे. तीन बाजूंनी माणसं बसायची, झाडावर चढायची. पुढे पुढे रेल्वेचे निवड करणारे लोकही सामने बघायला येऊ लागले आणि बोरनाल्याची दोन पोरं रेल्वेत नोकरीला लागली. त्या दिवसापासून वस्तीत कबड्डी हा नुसता खेळ राहिला नाही.

कवडूची मोठी बहीण गोपिका. त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, तरुणपणीच विधवा झालेली, आणि वस्तीची सुईण. निम्म्या वस्तीची नाळ तिनं कापली होती. पण ती स्वतःच सांगायची, "साधं बाळंतपन मी करतो बापू. अडलं का मग माह्या हाती काई नाई." अडलेल्या बाईला सायकल रिक्षात घालून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागे. वाटेत रेल्वेचं फाटक होतं. सहासष्ट साली मालगाडीसाठी फाटक बंद होतं, तेव्हा तुळसा नावाची एकोणीस वर्षांची पोर गोपिकाच्या मांडीवर, रिक्षातच गेली. त्यानंतर गोपिकानं वस्तीत बाळंतिणींसाठी दवाखाना व्हावा म्हणून अर्ज करायला सुरुवात केली. तिला लिहिता येत नव्हतं. अर्ज कवडूच लिहून द्यायचा. ती अंगठा करायची आणि हापिसात स्वतः नेऊन द्यायची. सहा वर्षं तिनं हे केलं.

बहात्तर साली दवाखाना मंजूर झाला, आणि वस्तीत सरकारी मोकळी जागा एकच होती. मैदान.

ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी कवडू बहिणीच्या घरी गेला आणि उंबऱ्यावरच बसून राहिला. गोपिका तांदूळ निवडत होती.

"बाई, तुह्या अर्जात मीनंच लिहिलं होतं ना, वस्तीत जागा हाये म्हनून."

"लिहिलं होतं."

"मले वाटलं नाल्याच्या पलीकडं देतीन."

"मलेही तसंच वाटलं," गोपिका म्हणाली. मग सुपाकडे बघत म्हणाली, "कवडू, मी दवाखाना नको म्हनू शकत नाई गा."

"मी कुठं म्हनून राह्यलो, नको म्हन म्हनून?"

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. भांडण झालं असतं तर बरं, असं कवडूला वाटलं. पण ती भांडणार नव्हती, आणि त्यालाही भांडता येत नव्हतं.

बांधकाम खात्याचे ओव्हरसियर मधुकरराव जागा मोजायला आले. ते शहरातल्या महाल भागातले, पन्नाशीकडे झुकलेले, सायकलला नकाशांची नळी बांधून फिरणारे. साखळी टाकून त्यांनी जागा मोजली तेव्हा पोरं मैदानाच्या कडेला उभी राहून नुसती बघत होती. मधुकररावांनी कवडूला विचारलं, "हे कोणी केलं सगळं?" कवडूनं खदानीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ ऐकत राहिले. आठ दिवसांनी ते पुन्हा आले आणि विहाराच्या अंगणात वस्तीची सभा बोलवा म्हणाले.

त्या सभेत त्यांनी नकाशा पसरला. पहिल्या नकाशात सगळा दवाखाना तळमजल्यावर होता आणि मैदान पूर्ण जात होतं. आता त्यांनी दुसरा काढला होता. रस्त्याच्या कडेनं लांब, अरुंद, दुमजली इमारत. खाली डॉक्टरांची खोली, औषधं, रोजचे पेशंट. वर बाळंतिणींचा वॉर्ड. मागचं मैदान जवळजवळ सगळंच शिल्लक राहत होतं. साहेबांची मंजुरी त्यांनी तोंडी घेऊन ठेवली होती.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. कवडूचे डोळे भरून आले. एवढ्यात बायकांच्या बाजूनं गोपिकाचा आवाज आला.

"साहेब, बाळंतिनीची खोली वर काहून?"

मधुकरराव उभे राहून नीट उत्तर देऊ लागले. "बाई, खाली रोज दीड-दोनशे लोक येतील. तापाचे, खोकल्याचे, म्हातारे. बाळंतपणं आठवड्यात दोन-तीन. दोन्ही खाली घेतली तर जागा दुप्पट लागते."

"ते समजलं. पन कळा सुरू झालेली बाई चढन कशी?"

मग कवडूच उठला.

"आमचे गडी कशाले हाये मंग? स्ट्रेचर ठेवू. चार-चार पोट्ट्याइची पाळी लावू. दिवसा, रात्री, कवाबी. एकाही बाईले पाय टेकवू देनार नाई. हा माहा शब्द हाये, बाई."

पुन्हा टाळ्या झाल्या. गोपिकानं भावाच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर जो आनंद होता तो तिनं त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. ती खाली बसली.

चौऱ्याहत्तर साली दवाखाना उघडला. जिना बाहेरच्या अंगानं होता, मैदानाच्या बाजूला. अकरा पायऱ्या, मग एक वळण, मग पुन्हा अकरा.

कवडूनं शब्द पाळला. कबड्डी मंडळाच्या खोलीत पाळीचा कागद लागला. रुपराव नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा तेव्हा संघाचा सगळ्यांत चांगला चढाईपटू होता. त्याच्या हाताखाली पोरं जिन्यावरून रिकामं स्ट्रेचर न्यायला शिकली. पुढच्यांनी वाकायचं, मागच्यांनी खांद्यावर घ्यायचं, म्हणजे ते आडवं राहतं. कवडू एकदा स्वतः त्यावर झोपला आणि पोरांनी त्याला वर-खाली नेलं. पहिल्या वर्षी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी पोरांना हार घातले. इतर वस्त्यांतले लोक बघायला येत. मैदान वाचलं, दवाखाना झाला, आणि दोन्ही एकमेकांच्या कामी आलं, असं कवडू येईल त्याला सांगायचा. त्याला ते मनापासून वाटत होतं.

दवाखान्यात प्रेमलता नावाची नर्स होती. कुहीकडच्या एका खेड्यातली, धानाच्या शेतात वाढलेली, कमी बोलणारी बाई. अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत एका संध्याकाळी ती मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली. सराव संपेपर्यंत थांबली.

"मेश्रामभाऊ, एक सांगायचं होतं. वस्तीतल्या बाया दवाखान्यात येत नाही."

"येत नाही कशा? काल तं नेली एक."

"ती इसासनीची होती. बाहेरगावच्या येतात. तुमच्या वस्तीतली मागच्या महिन्यात एक आली, त्याच्या आधीच्या महिन्यात एकही नाही."

कवडू म्हणाला, "नसबंदीचं भेव बसलं ना मनात. दोन साल लोकाइनं दवाखान्याचं तोंड पाह्यलं नाई."

"मलाही तसंच वाटलं होतं. पण ते संपून वर्ष होत आलं. औषधाला येतात बाया, लेकरांना लस टोचायला आणतात. फक्त वर येत नाही."

"मंग काहून?"

प्रेमलतानं मैदानाकडे पाहिलं. पोरं अंगावरची धूळ झटकत, हसत-खिदळत नळाकडे चालली होती. "तुमच्या बहिणीला विचारा," एवढंच बोलून ती गेली.

कवडूनं विचारलं नाही. आज विचारू, उद्या विचारू करत दोन महिने गेले. सामने तोंडावर आले होते, असं तो स्वतःला सांगायचा. खरं म्हणजे उत्तर काय येईल याची त्याला कुठेतरी धास्ती वाटत होती.

मार्चमध्ये त्याची थोरली मुलगी प्रेमिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिच्या पायांवर सूज होती, डोकं दुखायचं. गोपिकानं तिचे पाय दाबून पाहिले, खड्डा पडला तो भरेना. तिनं त्याच दिवशी सांगितलं, "हे घरी करायचं नाई. प्रेमलताले दाखव, अन् कळा सुरू झाल्या का दवाखाना."

कळा दुपारी सुरू झाल्या. गिरणीत कवडूची पाळी सकाळची होती, त्यामुळे तो घरी होता. तो धावत मंडळाच्या खोलीत गेला, रुपरावला सांगितलं, आणि चार पोरं स्ट्रेचर घेऊन दारात आली. आत प्रेमिला भिंतीला टेकून बसली होती. गोपिका तिची पाठ चोळत होती.

"चाल बेटा," कवडू म्हणाला. "पोट्टे आले."

"मी त्याच्यावर जानार नाई, बाबा."

त्याला वाटलं, कळांमुळे ती काहीतरी बोलते आहे. "अवं, पाच मिनिटांचं काम. चादर टाकू वरून."

"चादर कौशल्यावहिनीलेबी टाकली होती." तिनं एक कळ सोसली, ओठ दाबून धरले, मग पुन्हा बोलली. "जिन्यात चादर सरकली. लुगडं भिजलं होतं तिचं सगळं. समोरून ज्यानं धरलं होतं तो तिच्या दिराचा दोस्त. रोज घरी येते, वहिनी म्हनते, चहा पिते. कोनी काई बोललं नाई, बाबा. चांगले हाये पोट्टे. पन ती आता फाटकाजवळच्या नळावर जाते पान्याले. इथल्या नळावर तिच्यानं मान वर होत नाई."

कवडू बहिणीकडे वळला. "बाई, तुले माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मले काहून नाई सांगितलं?"

"तू विचारलं नाई," गोपिका म्हणाली. "अन् मी कोन्या तोंडानं सांगू? सभेत मीच खाली बसली होती ना."

दारातली पोरं सगळं ऐकत होती. रुपरावनं स्ट्रेचर हळूच भिंतीला उभं केलं.

प्रेमिला चालत गेली. घरापासून दवाखाना फार लांब नव्हता, वाटेत ती दोनदा थांबली. जिन्याखाली आल्यावर तिनं कठडा धरला. गोपिका तिच्या मागे, एक हात तिच्या कमरेवर. गोपिकाचेच गुडघे गेले होते, तीही प्रत्येक पायरीवर एक पाय ठेवून दुसरा ओढत होती. वरून प्रेमलता उतरून आली आणि तिनं पुढून हात दिला.

चार पायऱ्या झाल्या आणि कळ आली. प्रेमिला कठड्यावर वाकली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मैदानभर ऐकू गेला. सरावाला जमलेली पोरं खेळायची थांबली. काय करावं ते त्यांना समजेना. मग मैदानावर परतलेला रुपराव काहीतरी बोलला आणि सगळीच्या सगळी पोरं जिन्याकडे पाठ करून उभी राहिली. वीस-बावीस पाठी, ओळीनं, भर उन्हात.

कवडू जिन्याखाली उभा होता. त्याला वर जाता येत नव्हतं आणि तिथून हलताही येत नव्हतं. वळणावर प्रेमिला खालीच बसली. किती वेळ बसली ते त्याला कळलं नाही. प्रेमलता तिच्याशी हळू आवाजात बोलत होती. मग तिघी पुन्हा उठल्या. उरलेल्या अकरा पायऱ्यांतली प्रत्येक पायरी कवडूनं मोजली. आयुष्यभर त्यानं पोरांचा दम मोजला होता, कोण किती वेळ टिकतो ते ओळखलं होतं. आपल्या लेकीत एवढा दम आहे हे त्याला माहीत नव्हतं. तो तिला असा वापरावा लागतो आहे याची त्याला लाज वाटली.

दिवे लागायच्या सुमारास मुलगी झाली. आई आणि बाळ दोघी ठीक होत्या. गोपिका खाली आली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकली. भावानं तिच्यासाठी चहा आणून ठेवला.

"बाई, ज्यांचं बाळंतपन तू घरीच करून राह्यली, त्यातल्या किती अडल्या?"

गोपिकानं चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "दोन. एक फाटकापलीकडं मोठ्या दवाखान्यात नेली, वाचली. एकीचं लेकरू नाई वाचलं."

"दवाखाना इथं असून?"

"हो. इथं असून."

दुसऱ्या दिवशी कवडू गिरणीत गेला नाही. सायकल काढून मधुकररावांच्या हापिसात गेला. मधुकरराव आता जरा थकले होते, केस पिकले होते. कवडूनं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

"त्या बाईनं विचारलं होतं," ते शेवटी म्हणाले. "मी जागेचं गणित सांगितलं तिला. फार खूश होतो मी त्या नकाशावर, कवडूजी. आजवर काढलेल्यांत चांगला वाटायचा मला तो."

"खाली खोली बांधता येते का?"

"येते. मागच्या बाजूनं. पण वॉर्ड, प्रसूतीची खोली, मोरी, सगळं धरलं तर अर्धं मैदान जाईल. उरेल त्यात कबड्डीची एक चौकट कशीबशी बसेल, दोन्ही अंगाला सहा-सहा फूट, मग भिंत. सामने नाही भरवता येणार तुम्हाला. लोक बसतील कुठे?"

"दुसरं काई?"

"दुसरं मी सहा वर्षांपूर्वी करून बसलो," मधुकरराव म्हणाले. "वस्तीचा ठराव आणा. प्रस्ताव मी तयार करतो. वेळ लागेल, पण करतो."

ठराव मंडळाच्या सभेत मांडायचा होता. आजवर मंडळाच्या सभेला बाया कधी आल्या नव्हत्या. गोपिकानं त्या दिवशी दहा-बारा जणींना सोबत आणलं आणि त्या मागे दाराजवळ बसल्या. कवडूनं उभं राहून सांगितलं की आपलं चुकलं, बाळंतिणींची खोली खाली यायला पाहिजे आणि त्यासाठी मैदान द्यावं लागेल.

रुपराव उठला. तो आता पंचवीस वर्षांचा होता. बाप नव्हता, घरी आई आणि दोन बहिणी.

"काकाजी, चार साल आमी खांदे दिले. तुमी म्हटलं म्हनून. ते चुकलं तं आमचं चुकलं का?"

"नाई. माह्यं चुकलं."

"मंग तुमच्या चुकीचं आमी काहून भरायचं? या हिवाळ्यात रेल्वेवाले येनार होते. मागच्या खेपेले त्यांनी माह्यं नाव लिहून नेलं होतं. सामने झाले नाई तं ते कोनाले पाहतीन? पुढच्या साली माह्यं वय निघून जाते. हे तुमाले माहीत हाये."

कवडूला माहीत होतं. त्या पोराला बारा वर्षांचा असल्यापासून त्यानंच शिकवलं होतं.

"मले मान्य हाये," तो म्हणाला. "त्याले माह्यापाशी उत्तर नाई, रुपराव."

"मंग दवाखान्यातल्या मानसानं उचलावं. वर्दी घातलेल्या. आमाले हटवा त्या कामातून."

हे खरं तर रास्त होतं आणि काही जणांनी माना हलवल्या. तेव्हा मागून प्रेमलताचा आवाज आला. ती वस्तीतली नव्हती, तरी गोपिकाच्या शेजारी येऊन बसली होती. "तशी माणसं दोनदा मागितली मी. मिळाली तरी दिवसाची मिळतील. बाळंतपणं वेळ बघून होत नाही, भाऊ."

मग बराच गोंगाट झाला. जुने लोक खदानीच्या गोष्टी काढू लागले, मुरुमाच्या टोपल्या कोणी किती वाहिल्या ते सांगू लागले. कोणी म्हणालं, पोरं रिकामी राहिली की जुगारावर बसतील, मग त्यांच्यासाठी कोणता दवाखाना बांधाल? त्या गोंगाटात कौशल्या उभी राहिली. ती कधी सभेत बोलली नव्हती, तिचा आवाज आधी कोणाला ऐकूच गेला नाही. मग शेजारचे गप्प झाले, मग पुढचे.

"तीन महिने झाले, मी फाटकाजवळच्या नळावरून पानी आनून राह्यली," ती म्हणाली. "काहून, ते एकानंबी विचारलं नाई."

ती खाली बसली. तिचा दीर समोरच्या ओळीत होता, त्यानं मान खाली घातली.

रुपराव कौशल्याकडे वळला. मग म्हणाला, "वहिनी, माफ करजा. तुमचं खरं हाये." आणि पुढे म्हणाला, "पन मी सही करनार नाई." तो निघून गेला. त्याच्यासोबत आणखी सात पोरं गेली. उरलेल्यांनी ठरावावर सह्या केल्या. बायांनीही केल्या. मंडळाच्या घटनेत तसं नव्हतं, पण कोणी अडवलं नाही.

त्या हिवाळ्यात सामने झाले, शेवटचे. पण रेल्वेचे लोक आले नाहीत. त्या वर्षी त्यांची भरतीच नव्हती. वर्षभरानं भरती निघाली तेव्हा मैदानावर विटांचे ढीग पडले होते, आणि रुपराव वयात बसत नव्हता. सामने झाले असते तरी बसला नसता, असं काही जण म्हणायचे. कवडू तसं कधी म्हणाला नाही.

एक्क्याऐंशी साली खालचा वॉर्ड सुरू झाला. त्याला एकच पायरी होती, तीही मधुकररावांनी पुढे उतार करून घालवली. ते त्याच वर्षी निवृत्त झाले. वस्तीतल्या बाया येऊ लागल्या. लगेच नाही, हळूहळू, आधी सुनांना घेऊन सासवा बघायला आल्या, मग नांदत्या लेकी आल्या. गोपिकानं घरची बाळंतपणं बंद केली. पण कोणीही दाखल झालं की ती वॉर्डाच्या दारात जाऊन बसायची. प्रेमलतानं तिच्यासाठी एक खुर्ची तिथे कायमची ठेवून दिली.

दोन भिंतींमधल्या तुकड्यावर कबड्डी चालू राहिली. पकड करताना पोरं भिंतीवर आदळायची, एकाचं खांद्याचं हाड मोडलं, तेव्हा कवडूनं गिरणीतून जुनी पोती आणून भिंतीला लावली. चांगली पोरं रुळांपलीकडच्या दुसऱ्या मंडळात गेली. सामने आता तिकडेच भरतात. कवडू बघायला जातो तेव्हा लोक त्याला पुढे बसवतात, पण पहिल्या दिवसानंतर तो सहसा जात नाही.

ब्याऐंशीच्या दिवाळीआधी प्रेमिलाच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मऊ कापड घ्यायला तो गांधीबागेच्या कापडबाजारात गेला. एका ठोक दुकानात गाठी सोडणारा माणूस वळला, तो रुपराव निघाला. अंगानं भरला होता. सभेनंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

"जयभीम, काकाजी."

"जयभीम. इथं हायेस का?"

"दोन साल झाले." रुपरावनं स्वतःच ठाण काढलं, गजावर कापड मोजलं, फाडलं. घडी घालताना म्हणाला, "कोनासाठी?"

"प्रेमिला आली हाये. दुसरं."

"खालीच राहीन ना आता."

"हो. खालीच."

रुपरावनं पुडी बांधली. दोरा तोडला. मग खाली मान घालूनच म्हणाला, "काकाजी, मले अजूनबी वाटते, मी बरोबर म्हनत होतो."

"होता तू बरोबर," कवडू म्हणाला.

"मंग?"

कवडूनं खूप विचार केला. दुकानात गिऱ्हाइकं होती, मालक गल्ल्यावरून बघत होता. "मंग काई नाई गा," तो म्हणाला. "तूबी बरोबर होता अन् ते करनंबी भाग होतं. तुह्यं नुकसान माह्या हातून झालं. ते मी कोनापुढं नाकारत नाई."

रुपरावनं पुडी त्याच्या हातात ठेवली. कवडू दाराशी पोचला तेव्हा मागून आवाज आला.

"पोट्टे हाये का आता तठी, मैदानावर?"

"आठ-दहा हाये. एक बारका बरा हाये, पन चढाईले गेला का मधल्या रेषेवरच घाबरते. मले आता पळून दाखवता येत नाई त्याले." कवडू थांबला. "सकाळी सहाले येतात."

"दुकान नऊले उघडते," रुपराव म्हणाला आणि दुसऱ्या गाठीची दोरी सोडायला वळला.

तो येतो म्हणाला की येत नाही म्हणाला, हे कवडूला नीट कळलं नाही. त्यानं पुडी सायकलच्या कॅरिअरला लावली, गांधीबागेतल्या गर्दीतून सायकल हातानंच ढकलत रस्त्याला आणली आणि मग पायडलवर पाय ठेवला.